मिठाचे स्फटिक: प्रयोगशाळेत वाढवायचे कसे आणि पाहायचं काय

मिठाचे स्फटिक वाढवण्याची जी कृती बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते ती मुळात तुरटीची असते. पाणी गरम करा, मावेल तेवढं मीठ ढवळा, पेन्सिलीला दोरा बांधून द्रावणात सोडा आणि गार होऊ द्या. तुरटी या कृतीला लगेच दाद देते. एका रात्रीत दोऱ्यावर चमकदार खडे धरतात. मीठ मात्र ढिम्म हलत नाही. फार तर दोऱ्यावर पांढरा भुसभुशीत थर बसतो, आणि प्रयोग करणाऱ्याला वाटतं की आपला हात चांगला नाही.

हाताचा दोष नाही, कृतीच मिठाची नाही. १०० ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. पाणी उकळायला लागलं तरी तो आकडा जेमतेम ३९ वर जातो. म्हणजे उकळतं द्रावण खोलीच्या तापमानापर्यंत गार केलं तरी १०० ग्रॅम पाण्यामागे तीनच ग्रॅम मीठ बाहेर पडणार, आणि तेही घाईघाईत, बारीक चुऱ्यासारखं. तुरटीची द्राव्यता २० ते ५० अंशांच्या दरम्यानच दुपटीहून जास्त वाढते, म्हणून तिला नुसतं गार होणं पुरतं. मिठाचा चांगला स्फटिक हवा असेल तर द्रावणातलं पाणी काढून घ्यावं लागतं: बाष्पीभवनाने, आणि शक्य तितकं सावकाश. खालच्या बहुतेक सूचना या एकाच गोष्टीतून निघतात.

आधी हवा पाहा

प्रयोग मांडण्यापूर्वी मीठ-पाण्याइतकंच लक्ष हवेकडे द्या. बंद बरणीत मिठाचं संपृक्त द्रावण (ज्यात आणखी मीठ विरघळू शकत नाही असं) ठेवलं तर त्याच्यावरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. खोलीतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेल तर द्रावणातलं पाणी उडणार नाहीच, उलट द्रावणच हवेतलं पाणी ओढून घेईल आणि हाताशी आलेले स्फटिक कडांपासून विरघळू लागतील. पावसाळी दिवसांत भांडं महिनाभर मांडून ठेवलं तरी काही होत नाही, त्याचं कारण हेच.

प्रयोगशाळेत आर्द्रतामापी असेल तर तो भांड्याशेजारी ठेवा. ४० ते ६० टक्के आर्द्रता असेल तर काम निवांत चालतं. हवा फारच कोरडी असेल तर बाष्पीभवन झाकणाने आवरता येतं. हवा दमट असेल तर घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात द्रावणाचं भांडं ठेवा आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या वाटीत निर्जल कॅल्शिअम क्लोराइड किंवा कोरडं सिलिका जेल ठेवा. डब्यातली हवा कोरडी राहते आणि बाहेर पाऊस असला तरी प्रयोग थांबत नाही. कॅल्शिअम क्लोराइड पाणी ओढून ओढून स्वतःच पातळ होतं, तेव्हा वाटी अर्धी रिकामी ठेवा आणि अधूनमधून बदला.

सामान

मीठ कुठलं घ्यायचं हा पहिला प्रश्न. पाकिटातलं बारीक, सुळसुळीत मीठ या कामाला वाईट. त्यात आयोडीनसाठी घातलेला क्षार असतो आणि खडे होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्यंही असतात. त्यांपैकी काही विरघळत नाहीत आणि द्रावण गढूळ करतात. काही विरघळतात, पण अगदी अल्प प्रमाणातही स्फटिकाचा आकार बिघडवतात. गुठळ्या होऊ नयेत म्हणून वापरली जाणारी सोडिअम फेरोसायनाइडसारखी द्रव्यं तर घनाऐवजी, म्हणजे फाशासारख्या चौकोनी ठोकळ्याऐवजी, फांद्या फुटलेले स्फटिक घडवतात. गुठळ्या रोखणं म्हणजे स्फटिकांना नीट वाढू न देणंच, हे लक्षात घेतलं तर त्यात नवल नाही. प्रयोगशाळेच्या कपाटातलं शुद्ध सोडिअम क्लोराइड सर्वांत उत्तम. ते नसेल तर काहीही न मिसळलेलं खडे मीठ घ्या. त्यात माती निघेल, पण माती गाळता येते.

पाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) घ्या. भांड्याच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: बाष्पनपात्र (द्रावण आटवायची वाटी) नको. त्याचा तळ गोल असल्यामुळे तयार होणारे सगळे घन मध्यभागी घसरतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांतला एकही सुटा हाती लागत नाही. सपाट तळाची काचेची पेट्री डिश (उथळ, झाकणाची बशी) किंवा छोटं चंचुपात्र (बीकर) घ्या.

बाकी सामान शाळेत असतंच: २५० मिलीची दोन चंचुपात्रं, १०० मिलीचं एक, नरसाळं, गाळणकागद, काचकांडी, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा (०.०१ दाखवणारा मिळाला तर फारच छान), टोकाला प्लास्टिक असलेला चिमटा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी किंवा व्हर्निअर कॅलिपर, थोडं व्हॅसलीन, आणि एक वही. सूक्ष्मदर्शक मिळाला तर निरीक्षणाची मजा वाढते, पण त्यावाचून अडत नाही.

मीठ निरुपद्रवी असलं तरी प्रयोगशाळेतलं काहीही चाखायचं नाही. द्रावण गरम करताना आणि स्फटिक फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा.

पहिली पायरी: द्रावण

२०० मिली पाणी साधारण ५० अंशांपर्यंत कोमट करा आणि त्यात ८० ग्रॅम मीठ थोडं थोडं घालून दहा मिनिटं ढवळा. तळाशी थोडं मीठ राहील. राहायलाच हवं. २०० मिली पाण्यात ७२ ग्रॅमच्या आसपासच मीठ मावतं, आणि तळाशी उरलेलं मीठ हाच द्रावण पुरेपूर भरल्याचा पुरावा. आता भांडं झाकून रात्रभर खोलीतच राहू द्या.

गाळायचं ते दुसऱ्या दिवशी, द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावर. गरम असताना गाळलं तर गाळलेलं द्रावण गार होताना पुन्हा बारीक कण सोडतं आणि गाळण्याची मेहनत वाया जाते. एक बारीकशी युक्ती: गाळणकागद नरसाळ्यात बसवण्यासाठी पाण्याने भिजवायची सवय असते. इथे तो त्याच द्रावणाच्या दोन-चार थेंबांनी भिजवा, नाहीतर पहिल्याच घोटाला द्रावण पातळ होतं. गाळलेलं द्रावण काचेसारखं स्वच्छ दिसायला हवं. दिसत नसेल तर पुन्हा गाळा. मग बाटलीत भरून झाकण घट्ट लावा आणि चिठ्ठीवर नाव, प्रमाण आणि तारीख लिहा.

द्रावण खरंच संपृक्त आहे की नाही हे पाहायची एक साधी परीक्षा आहे. थोडं द्रावण परीक्षानळीत घ्या, त्यात मिठाचा एक दाणा सोडा आणि नळी प्रकाशासमोर धरून भिंगातून पाहा. दाण्यापासून खाली पाझरणाऱ्या, हलत्या रेघा दिसल्या तर दाणा विरघळतो आहे, द्रावणात अजून जागा आहे. दाणा निवांत पडून राहिला तर द्रावण तयार. पुढे प्रत्येक वेळी नवं द्रावण वापरण्यापूर्वी ही परीक्षा करा. चांगला वाढलेला स्फटिक गमावण्याचा हमखास रस्ता म्हणजे तो किंचित पातळ द्रावणात टाकणं.

दुसरी पायरी: बीज

मोठा स्फटिक एका छोट्या, निर्दोष स्फटिकाभोवती वाढवतात. त्याला बीज-स्फटिक म्हणू. तो आपणच तयार करायचा.

पेट्री डिशच्या काठावर आतून व्हॅसलीनचा पातळ पट्टा लावा. मिठाचं द्रावण काठावर चढतं, तिथे सुकतं, सुकलेल्या मिठातून आणखी वर शोषलं जातं, आणि दोन-तीन दिवसांत भांड्याबाहेर पांढरी दाढी लोंबायला लागते. व्हॅसलीन हा चढाव रोखतं. ९ सेंटिमीटर व्यासाच्या डिशमध्ये ४० मिली द्रावण ओता, म्हणजे खोली सहा मिलिमीटरच्या आसपास येते. वरून गाळणकागद ठेवा: धूळ आत जाऊ नये आणि वाफ मात्र बाहेर पडावी. धुळीचा प्रत्येक कण म्हणजे नको असलेल्या एका स्फटिकाला आमंत्रण. डिश अशा फळीवर ठेवा जिथे ऊन, पंख्याचा झोत आणि दारांची आदळआपट पोहोचणार नाही.

दोन ते चार दिवसांत काहीतरी दिसू लागेल, आणि बहुधा ते तळाशी नव्हे तर पृष्ठभागावर दिसेल. पाणी वरूनच उडतं, त्यामुळे मिठाची गर्दी सर्वांत आधी तिथेच होते. हे तरंगणारे स्फटिक भिंगाखाली नीट पाहा. चौकोनी कडा, आणि मध्ये पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली विहीर. स्फटिक पृष्ठताणाच्या आधारावर लोंबकळत असतो. वाढता वाढता जड होऊन तो थोडा बुडतो, की वरच्या कडेवर पुढची, जरा मोठी चौकट बसते. म्हणून बाहेरून उलटा पिरॅमिड आणि आतून पायऱ्या. काही काळाने तो तळाशी जातो. असे स्फटिक दिसायला सुंदर असले तरी बीज म्हणून निरुपयोगी, कारण पोकळी भरताना आत द्रावण अडकतं. ते भरभरून तयार होत असतील तर बाष्पीभवन वेगाने चाललं आहे असं समजा आणि दुसरा गाळणकागद ठेवा.

आपल्याला हवे ते तळाशी सावकाश वाढलेले घन. दोन ते चार मिलिमीटर आकाराचे झाले की निवड करा. आरपार दिसणारा, धारदार कडांचा, शेजाऱ्याला न चिकटलेला स्फटिक घ्या. असे चार-पाच बाजूला काढा, एकावर भिस्त नको. डिश पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं मात्र नाही. शेवटचं पाणी उडताना उरलेलं सगळं मीठ एकदम साचतं आणि चांगल्या घनांवर पांढरी साय धरते.

तिसरी पायरी: वाढवणं

१०० मिलीच्या चंचुपात्रात ताजं गाळलेलं द्रावण दोन-अडीच सेंटिमीटर उंचीपर्यंत घ्या, काठाला व्हॅसलीन लावा, आणि चिमट्याने बीज अलगद तळाशी ठेवा. द्रावण, भांडं आणि बीज एकाच खोलीत काही तास ठेवलेले असावेत, म्हणजे तापमान सारखं राहतं. वर गाळणकागद, त्यावर हवं तर भोकं पाडलेला दुसरा कागद.

बीज दोऱ्याला टांगायचं की तळाशी ठेवायचं यावर मतभेद आहेत. मिठाच्या बाबतीत मी तळाशी ठेवण्याच्या बाजूने आहे. गुळगुळीत घनाला दोरा बांधणं कठीण, गाठ निसटते, आणि सुती दोऱ्याच्या प्रत्येक तंतूवर फुकटचे स्फटिक धरतात. टांगायचंच असेल तर बारीक नायलॉनचा धागा घ्या आणि द्रावणात न विरघळणाऱ्या गोंदाच्या टिपक्याने चिकटवा.

तळाशी ठेवण्यातला तोटा लगेच दिसतो. खालच्या पृष्ठाला द्रावण मिळत नाही. स्फटिक चारही बाजूंना वाढतो, वर वाढतो, खाली मात्र वाढत नाही. तसाच सोडला तर त्याची उंची रुंदीच्या निम्म्याजवळ राहते आणि घनाऐवजी पाटी तयार होते. उपाय एवढाच की रोज एकदा चिमट्याने त्याला वेगळ्या पृष्ठावर पालथा करायचा. सहा पृष्ठं, आळीपाळीने. कुठलं पृष्ठ खाली होतं ते वहीत लिहून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी गोंधळ होतो.

आता वेगाचा हिशेब, कारण सगळं गणित त्यात आहे. १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम मीठ, म्हणजे एक ग्रॅम मीठ बाहेर पडायला तीन मिलीच्या आत-बाहेर पाणी उडावं लागतं. तीन मिलिमीटर कडेच्या बीजाचं वजन किती? मिठाची घनता २.१७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, तेव्हा जेमतेम ०.०६ ग्रॅम. भांड्यातून दिवसाला तीन मिली पाणी उडू दिलं तर या चिमुकल्या बीजाने एका दिवसात आपल्या वजनाच्या सोळा-सतरा पट मीठ अंगावर घ्यावं अशी अपेक्षा होते. ते त्याला झेपत नाही. उरलेलं मीठ तळाशी, काठावर, पृष्ठभागावर जागा शोधतं आणि सगळीकडे नवे स्फटिक उगवतात. म्हणून सुरुवातीला भांडं अरुंद हवं आणि झाकण जास्त. बीज मोठं होत जाईल तसं झाकण थोडं थोडं मोकळं करता येतं.

किती पाणी उडतंय हे अंदाजाने ठरवू नका. भांडं रोज ठरावीक वेळी काट्यावर ठेवा. कालच्या आणि आजच्या वजनातला फरक म्हणजे उडालेलं पाणी. सुरुवातीला हा फरक अर्ध्या ग्रॅमच्या आत राहिला तर उत्तम. आठवड्याला कडेवर एक-दोन मिलिमीटर वाढ ही मिठासाठी चांगली चाल आहे, त्याहून घाई केली की पारदर्शकपणा जातो.

रोजची कामं इतकीच: वजन, पालथा करणं, तळाशी उगवलेले भुरटे स्फटिक चिमट्याने काढून टाकणं. ते फार झाले तर द्रावण गाळून स्वच्छ भांड्यात घ्या आणि मग बीज परत ठेवा. स्फटिक उघडा पडू लागला तर बाटलीतलं द्रावण घाला, नुसतं पाणी कधीही घालू नका. हात लावायचा नाही: बोटांचा ओलावा आणि तेल दोन्ही पृष्ठावर डाग सोडतात.

पाहायचं काय

बरेच जण स्फटिक मोठा झाला की प्रयोग संपला असं समजतात. निम्मा प्रयोग इथे सुरू होतो.

कोन आधी मोजा. तुमच्याकडे दहा-बारा स्फटिक असतील, त्यांतला एखादा नेमका घन, बाकीचे चपटे, लांबट, विटेसारखे. तरीही कोनमापकावर प्रत्येक कोपरा ९० अंशच भरेल. पृष्ठांचा आकार बदलतो, पृष्ठांमधला कोन बदलत नाही. निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये क्वार्ट्झच्या स्फटिकांबाबत हीच गोष्ट नोंदवली होती. या स्थिर कोनामागचं कारण आतल्या रचनेत आहे, हे पक्कं व्हायला १९१३ साल उजाडलं. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांच्या रचना उलगडल्या, आणि अगदी सुरुवातीच्या रचनांमध्ये मिठाचा समावेश होता. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतभारित अणू) सहा क्लोराइड आयन, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, आणि ही मांडणी तिन्ही दिशांना काटकोनात. मिठाचा सुटा रेणू असा या रचनेत कुठे सापडतच नाही. १९१५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या पितापुत्रांना मिळालं, तेव्हा मुलगा २५ वर्षांचा होता. ही रचना सगळ्यांना पटली होती असंही नाही. रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी १९२७ मध्ये ‘नेचर’ला पत्र लिहून मिठाच्या या बुद्धिबळाच्या पटासारख्या रचनेवर चांगलीच आगपाखड केली होती.

या रचनेत शेजारच्या दोन आयनांमधलं अंतर सुमारे ०.२८२ नॅनोमीटर आहे. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये आयनांचे ३५ लाख थर. तुमच्या स्फटिकाचं एखादं पृष्ठ आठवड्यात एक मिलिमीटर पुढे सरकलं असेल, तर त्यावर सेकंदाला सरासरी सहा थर बसत होते. पृष्ठ आरशासारखं सपाट राहिलं असेल तर त्या थरांची मांडणी किती शिस्तीत झाली असेल ते पाहा.

पारदर्शकपणा हा पुढचा विषय. भिंग घेऊन स्फटिक उजेडासमोर धरा. मध्यभागी दुधी ढग दिसला तर ते अडकलेल्या द्रावणाचे असंख्य सूक्ष्म थेंब आहेत, म्हणजे त्या काळात वाढ घाईत झाली. ढगाबाहेर स्वच्छ पट्टा असेल तर पुढे वाढ सावकाश झाली. ढगाच्या कडा बहुतेक वेळा स्फटिकाच्या कडांना समांतर असतात, तेव्हा त्या दिवशी स्फटिक केवढा होता हेही कळतं. वहीतली वजनं आणि आर्द्रतेचे आकडे शेजारी ठेवून हा ढग वाचा. ज्या दिवशी झाकण उघडं राहिलं होतं तो दिवस बहुतेक वेळा सापडतो.

डोळ्यांना न दिसणारे थेंब वजनातून पकडता येतात. तिन्ही कडा मोजून घनफळ काढा आणि २.१७ ने गुणा. आठ मिलिमीटरचा घन १.११ ग्रॅम भरायला हवा. प्रत्यक्ष वजन त्याहून कमी आलं तर आत द्रावण आहे, कारण मिठाच्या संपृक्त द्रावणाची घनता १.२ च्याच आसपास असते. काट्यावर ठेवण्यापूर्वी स्फटिक नीट टिपून घ्या, आणि कडा व्हर्निअरने मोजा: कडेतली लहानशी चूक घनफळात तिप्पट होते.

अंधाऱ्या खोलीत, चंचुपात्राच्या मागून लहान टॉर्चचा उजेड पाडून भिंतीवर सावली पाहा. वाढणाऱ्या स्फटिकाजवळचं द्रावण आपलं मीठ गमावून हलकं होतं आणि वर चढतं. बाष्पीभवन बऱ्यापैकी चालू असेल तर सावलीत ही वर जाणारी थरथरती रेघ दिसू शकते. भांड्यात थोडं साधं पाणी टाकलेलं दुसरं द्रावण घेऊन त्यात टाकाऊ स्फटिक ठेवा: आता रेघा खाली जातील. वाढणं आणि विरघळणं यातला फरक दिशेवरून ओळखता येतो.

सूक्ष्मदर्शक असेल तर काचपट्टीवर द्रावणाचा एक थेंब ठेवा आणि सर्वांत कमी वर्धनावर थेंबाची कड पाहत बसा. आधी काहीच नसतं, मग कडेशी एक ठिपका, आणि बघता बघता त्याचा चौकोन. एका तासिकेत अख्खा प्रयोग उरकतो. ज्यांना आठवडे थांबवत नाही त्यांच्यासाठी हाच खरा कार्यक्रम. काचपट्टीच्या वर आणि खाली पोलरॉइडचा (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पातळ पत्र्याचा) एकेक तुकडा एकमेकांना काटकोनात लावला तर मिठाचे घन काळेच राहतात. त्याच पद्धतीने मोरचूद पाहिलं तर रंग फुटतात. मिठाची रचना तिन्ही दिशांना सारखी, मोरचुदाची नाही. मोरचूद विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा आणि त्याचं द्रावण मोरीत ओतू नका.

एखादा बिघडलेला मोठा स्फटिक फोडण्यासाठी राखून ठेवा. शिक्षकांनी चष्मा घालून, कडेला समांतर पातं टेकवून वरून हलकीशी टिचकी मारली की स्फटिक सपाट चिरतो आणि तुकडेही काटकोनीच निघतात. पातं तिरपं धरलं तर नुसता चुरा.

वर्गात थोडा उत्साह उरला असेल तर युरियाचा प्रयोग करा. चार डिशमध्ये मिठाचं सारखंच द्रावण घ्या. एकीत युरिया नाही, बाकीच्यांत दर १०० मिलीला ५, १० आणि २० ग्रॅम. युरिया असताना मिठाच्या घनाचे कोपरे छाटले जातात आणि प्रमाण पुरेसं झालं तर घनाऐवजी अष्टफलक (आठ त्रिकोणी पृष्ठांचा स्फटिक) तयार होतो. अठराव्या शतकापासून माहीत असलेली ही गोष्ट आहे. युरिया मिठाच्या रचनेत शिरत नाही, फक्त कोणत्या पृष्ठाने किती वेगाने वाढायचं ते बदलतो. जे पृष्ठ सर्वांत सावकाश वाढतं तेच शेवटी उरतं, हा स्फटिकांच्या जगातला उफराटा न्याय इथे डोळ्यांनी पाहायला मिळतो.

बिघाड आणि उपाय

बीज लहान होत चाललं तर खोली तापली आहे, दमट झाली आहे, किंवा द्रावण मुळातच पातळ आहे. लगेच बाहेर काढा, दाण्याची परीक्षा करा. पृष्ठांवर पांढरे टिपके दिसले तर भुरटे स्फटिक चिकटले आहेत. लहान असतील तर ओल्या, मऊ कुंचल्याने पुसून निघतात, त्यानंतर स्फटिक लगेच टिपून संपृक्त द्रावणात ठेवा. कडा उंच आणि मधलं पृष्ठ खोलगट झालं तर वेग जास्त आहे, झाकण वाढवा. भांड्याच्या काठावर साय चढली तर ती द्रावणात पडू न देता कोरड्या कागदाने बाहेरच्या बाजूला पुसा. द्रावण गढूळ झालं तर गाळणं हा एकच उपाय.

वहीतली नोंद

दर दिवसाच्या ओळीत एवढं असावं: तारीख आणि वेळ, खोलीचं तापमान, आर्द्रता, भांड्याचं वजन, तिन्ही कडांची लांबी, खाली असलेलं पृष्ठ, काढून टाकलेले स्फटिक, आणि एक रेखाचित्र. फोटो जरूर काढा, शेजारी पट्टी ठेवून, पण चित्र टाळू नका. चित्र काढताना कोपऱ्यातली चीर किंवा पायरी नजरेत भरते, ती फोटोत असूनही सुटून जाते. सुट्टीच्या दिवशी नोंद राहिली तर जागा रिकामी सोडा, अंदाजाने भरू नका.

काढणं आणि जपणं

स्फटिक पुरेसा मोठा झाला की चिमट्याने उचला आणि गाळणकागदावर सगळ्या बाजूंनी टिपा. नळाखाली धरू नका, क्षणात कडा बोथट होतात. पृष्ठावर द्रावण सुकून पांढरे डाग पडू नयेत असं वाटत असेल तर स्पिरिटमध्ये एक बुडी देऊन पुन्हा टिपा. मीठ स्पिरिटमध्ये फारच कमी विरघळतं, पण स्पिरिट पेट घेतं, तेव्हा आसपास बर्नर चालू नको.

मग घट्ट झाकणाची छोटी डबी, तळाशी सिलिका जेल, वर कापसाची गादी आणि बाहेर चिठ्ठी: नाव, बीज कधी ठेवलं, स्फटिक कधी काढला, शेवटचं वजन. दमट दिवसांत डबी उघडून प्रदर्शनात मांडू नका. मांडायचाच असेल तर डबी पारदर्शक घ्या.

उरलेलं द्रावण फेकू नका. गाळून बाटलीत ठेवा, पुढच्या तुकडीला ते तसंच वापरता येतं, फक्त आधी दाण्याची परीक्षा करून. टाकायचंच झालं तर भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा, झाडांच्या मुळाशी नको. युरिया मिसळलेल्या द्रावणाची बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर तसं ठळक लिहा, नाहीतर पुढच्या वर्षीचे घन कोपरे छाटलेले का निघतात याचा शोध घेण्यात कुणाचा तरी महिना जाईल.